पराली, बाजरी आणि चिठ्ठ्या: योजना आणायच्या आधी ती करून बघतात म्हणजे काय करतात?

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की टीव्हीवर तीच दृश्यं सुरू होतात. दिल्लीवर धुरकं, मास्क लावलेली शाळेची पोरं, आणि स्टुडिओत बसलेला कोणीतरी पंजाबच्या शेतकऱ्याला शिव्या घालतोय की हे लोक पराली (म्हणजे भात कापल्यावर शेतात उरलेलं काड) जाळायचं बंद का करत नाहीत. एक जण म्हणतो दंड ठोका, दुसरा म्हणतो पैसे द्या म्हणजे आपोआप थांबतील, आणि दोघंही इतक्या छातीठोकपणे बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं यांनी हे सगळं आधी करून बघितलंय.

गंमत म्हणजे हे खरंच करून बघितलंय, फक्त स्टुडिओतल्यांनी नाही. शेतकऱ्याने पाणी, माती, जंगल, हवा राखावी म्हणून त्याला काय द्यायचं, किंवा गरीब घरातल्या ताटात लोह-प्रोटीन वाढावं म्हणून रेशनवर काय ठेवायचं, असल्या प्रश्नांवर गेली वीस-पंचवीस वर्षं प्रत्यक्ष गावांत प्रयोग चाललेत. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना मिळालं ते असल्याच प्रयोगांच्या पद्धतीबद्दल. (आपल्याकडे तेव्हा बॅनर्जींच्या आई मूळच्या पाटणकर, म्हणजे मराठी, यावरच जास्त चर्चा झाली, कामावर कमी.)

हे प्रयोग वाचताना मला सारखं एक जाणवतं. आपण भांडतो ते पैसे किती द्यायचे यावर, आणि निकाल फिरतो तो पैसे कधी दिले, कोणी दिले आणि घेणाऱ्याचा देणाऱ्यावर भरवसा होता का, यावर.

आधी बेसिक: प्रयोग म्हणजे नक्की काय?

समजा सरकारने एका तालुक्यात योजना आणली, पराली न जाळणाऱ्याला पैसे, आणि त्या वर्षी जाळपोळ कमी झाली. लगेच पेपरात बातमी, योजना यशस्वी. पण त्या वर्षी पाऊस लांबला असेल आणि काड ओलं राहिलं असेल, किंवा पेंढ्याला बरा भाव आला असेल, काहीही असू शकतं. बरं, मग योजनेत नाव घातलेले शेतकरी आणि न घातलेले यांची तुलना करू म्हटलं तर तिथेही घोळ, कारण ज्याला तसंही जाळायचं नव्हतं तोच आधी नाव नोंदवायला येणार ना, त्याने जाळलं नाही याचं क्रेडिट योजनेला कसं द्यायचं?

यावर उपाय एकदम गावठी आहे. चिठ्ठ्या टाका. दीडशे गावांची यादी घ्या, चिठ्ठी काढून निम्म्या गावांत योजना द्या, निम्म्यांत देऊ नका. पाऊस दोन्हीकडे सारखा, भाव दोन्हीकडे सारखा, उत्साही आणि आळशी शेतकरीही दोन्हीकडे साधारण सारखेच विभागले जाणार, मग शेवटी जो फरक दिसेल तो योजनेचाच. ज्या गावांना काही दिलं नाही त्यांना म्हणायचं तुलनेचा गट. टेक्निकल शब्द एवढा एकच लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

आणि ही पद्धत काही औषध कंपन्यांकडून शेतीत आलेली नाही, उलट आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने खतं आणि वाणांच्या चाचण्यांसाठी ती बसवली, कुठल्या वाफ्यात काय पेरायचं ते नशिबावर सोडायचं म्हणजे चांगल्या मातीचा फायदा एकाच वाणाला मिळत नाही. कृषी विद्यापीठातले प्लॉट बघितले असतील तर तेच ते. फरक इतकाच की इथे वाफ्याच्या जागी गाव आणि वाणाच्या जागी सरकारी योजना.

पराली: पैसे दिले तरी जाळली, असं कसं?

आता पंजाब. आधी हे समजून घ्या की तिथला शेतकरी हौसेने जाळत नाही. भात काढून गहू पेरायला हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. कंबाइन हार्वेस्टर वरचं वर कापून जातो, खाली धसकटं आणि काड तसंच राहतं, ते काढायला बेलर किंवा त्यातच गहू पेरायला हॅपी सीडर भाड्याने आणायचा तर पैसे लागतात, आणि काडीपेटी दोन रुपयांना मिळते.

त्यात एक भानगड आपल्याच कायद्याने केलेली आहे. २००९ साली पंजाब आणि हरियाणाने भूजल वाचवायला कायदा केला की भाताची लावणी ठरलेल्या तारखेआधी करायची नाही, पंजाबात तेव्हा ती तारीख १० जून होती. म्हणजे ऐन उन्हाळ्यात शेतं पाण्याने भरायची नाहीत. हेतू चांगला, पण लावणी पुढे गेली की कापणीही पुढे गेली, आणि जाळायची वेळ नेमकी अशा दिवसांत येऊन पडली जेव्हा हवा गार आणि स्थिर असते आणि धूर वर न जाता खालीच साचतो. एक संवर्धन करायला गेलो आणि दुसऱ्याची वाट लागली. असे कायदे आधी थोड्या भागात करून बघायला काय हरकत होती असं मला राहून राहून वाटतं.

तर २०१९ च्या हंगामात केल्सी जॅक, सीमा जयचंद्रन, नम्रता काला आणि रोहिणी पांडे या चार अर्थशास्त्रज्ञांनी पंजाबातल्या १७१ गावांत प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून गावं तीन प्रकारची केली. काही गावांत काहीच नाही, तो तुलनेचा गट. काही गावांत नेहमीचा करार, म्हणजे जाळू नका, आम्ही तपासू, जाळलं नसेल तर नंतर एकरी ठरलेले पैसे देऊ. आणि काही गावांत तोच करार पण त्यातले थोडे पैसे आधीच हातात, बिनशर्त, राहिलेले न जाळल्यावर. कोणी जाळलं आणि कोणी नाही हे शेतकऱ्याला विचारून नाही ठरवलं, शेतात जाऊन आणि उपग्रहाच्या फोटोंवरून ठरवलं.

निकाल असा की नेहमीच्या कराराचा परिणाम शून्य. थोडा नाही, शून्य. तुलनेच्या गटात जितकं जळत होतं तितकंच इथेही. आणि जिथे थोडे पैसे आधी दिले तिथे न जाळणाऱ्यांचं प्रमाण ८ ते १२ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे शंभरातले आणखी आठ-बारा शेतकरी थांबले.

आगाऊ पैसे बिनशर्त होते हे विसरू नका. घेऊन जाळलं असतं तरी कोणी परत मागणार नव्हतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशोबाने तर हा करार कमी चालायला हवा होता, कारण न जाळल्याचं बक्षीस त्यात उलट लहान झालंय. मग चाललं कसं? जमिनीच्या व्यवहारात इसार देतात तसं समजा. इसार हातात पडला की दोन गोष्टी होतात, एक तर समोरचा खरंच व्यवहार करणार हे कळतं, आणि दुसरं म्हणजे अडलेल्या कामापुरती रोकड हातात येते. पंजाबच्या शेतकऱ्याला मशीनचं भाडं आज द्यायचंय, तुमचे पैसे येणार डिसेंबरात, आणि ते येतील याची खात्री काय? सरकारी पैसे "लवकरच खात्यात जमा होतील" याचा अर्थ तो तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला जाणतो.

आणि त्याच हंगामात, नोव्हेंबर २०१९ मध्ये, सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं की पराली न जाळणाऱ्या लहान शेतकऱ्यांना क्विंटलमागे १०० रुपये द्या. कोर्टाची तळमळ खरी होती, पण करार कुठला? न जाळल्यानंतर मिळणारा. म्हणजे नेमका तोच ज्याचा परिणाम शून्य आला.

आपल्याकडे उसाचं पाचट जाळतात त्यालाही हा प्रश्न लागू पडावा. कुट्टी करा, आच्छादन करा, जमिनीचा कर्ब वाढेल, सगळं बरोबर आहे, पण कुट्टीचं मशीन आणायचे पैसे तोडणी झाली त्या आठवड्यात कोणाकडे असतात? पाचटावर असा प्रयोग मी वाचलेला नाही, तेव्हा उत्तरही तेच येईल असं म्हणत नाही, पण प्रश्न तोच आहे.

पैसे दिले तर एकीकडे थांबवतील आणि दुसरीकडे तोडतील, नाही का?

ही शंका जंगलाच्या बाबतीत नेहमी येते आणि ती रास्त आहे. स्वतःच्या जमिनीवरची झाडं राखायचे पैसे घेतले आणि कुऱ्हाड घेऊन शेजारच्या सरकारी जंगलात गेला तर काय मिळवलं?

युगांडात १२१ गावांत हे बघितलं. पश्चिम युगांडात खाजगी जमिनीवरचं जंगल झपाट्याने जात होतं, म्हणून चिठ्ठीने निवडलेल्या ६० गावांतल्या जंगलमालकांना दोन वर्षं सांगितलं की झाडं तोडली नाहीत तर हेक्टरी वर्षाला ७०,००० युगांडा शिलिंग, म्हणजे तेव्हाचे २८ डॉलर. तुलनेच्या गावांत दोन वर्षांत झाडांचं आच्छादन ९.१ टक्क्यांनी घटलं, पैशाच्या गावांत ४.२ टक्क्यांनी. शेजारच्या जंगलात तोड वाढली का तेही उपग्रहाच्या फोटोंवर शोधलं, तसा पुरावा मिळाला नाही. आता कोणी विचारेल की इथे पैसे नंतर दिले तरी चाललं आणि पंजाबात का नाही. मला वाटतं झाड न तोडायला भाड्याचं मशीन लागत नाही, नुसतं गप्प बसायचं असतं. काड हटवायला मात्र आधी खिशात हात घालावा लागतो.

पैसे कोणाला द्यायचे हाही एक वेगळाच प्रश्न. मलावीमध्ये झाडं लावून जगवायच्या करारासाठी एका गटात शेतकऱ्यांकडून बोली घेतली, जो कमी पैशात तयार त्याला काम, आणि दुसऱ्या गटात त्याच दराने सरळ चिठ्ठीने निवडलं. तीन वर्षांनी बघितलं तर बोलीतून आलेल्यांची झाडं जास्त जगली होती. माझा आधीचा अंदाज उलटा होता, म्हटलं कमी पैशात हो म्हणणारा माणूस टंगळमंगळ करणार. पण कमी बोली बहुतेक तोच लावतो ज्याच्याकडे पडीक तुकडा आहे, घरात हात आहेत, आणि झाड जगवणं ज्याला जड जात नाही. ही माहिती शेतकऱ्याकडे असते, तलाठ्याच्या दप्तरात नसते.

खेळ खेळून कोणी पाणी वाचवतं का?

सगळे प्रयोग पैसे वाटायचे नसतात. काही नुसते खेळ असतात आणि लोक त्यांच्यावर जास्त हसतात.

आंध्र प्रदेशात बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांत फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी ही संस्था आणि आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या लोकांनी असा खेळ लावला. पाच जण गोल बसायचे. सगळ्यांच्या खाली एकच पाण्याचा साठा आहे असं धरायचं. दर "वर्षी" प्रत्येकाने गुपचूप एक पीक निवडायचं, एक कमी पाण्याचं आणि कमी पैशाचं, दुसरं जास्त पाण्याचं आणि जास्त पैशाचं. पाचही जणांनी जास्त पाण्याचं घेतलं की पावसाने भरलेलं पाणी पुरत नाही, साठा उतरतो, आणि काही फेऱ्यांत खेळ संपतो कारण पाणीच संपलं. सुरुवातीच्या फेऱ्यांत बोलायचं नाही, नंतर बोलायची परवानगी.

बरं, यात नवीन काय, आपल्या विहिरीचं पाणी शेजारच्या बोअरने ओढलं हे कुठल्या शेतकऱ्याला माहीत नाही? माहीत सगळ्यांना असतं. पण खऱ्या शिवारात ते व्हायला पंधरा वर्षं लागतात आणि दोष दुष्काळाला देता येतो, आणि इथे तासाभरात पाच ओळखीच्या माणसांच्या डोळ्यासमोर होतं आणि दुष्काळाला नाव ठेवायची सोयच नसते. खेळानंतर सगळं गाव बसून चर्चा करायचं, कोणी काय निवडलं, पाणी कशामुळे संपलं.

आक्षेप असा की खेळात शहाणा वागलेला माणूस घरी जाऊन मोटर चालूच ठेवणार. अगदी बरोबर, आणि खेळात कोण कसा वागला यावरून शिवारातलं वागणं ओळखता येतं असं मीही म्हणणार नाही. पण साधारण वर्षाने परत जाऊन बघितलं तेव्हा खेळ झालेल्या गावांत पाण्याची नोंदवही ठेवणं आणि उपशाचे नियम करणं हे खेळ न झालेल्या गावांपेक्षा जास्त दिसलं. खेळाने पाणी वाचवलं असं नव्हे, बोलायला तोंड फोडलं. आपल्याकडे हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षी काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं, तिथे खेळ लागला नाही. पण तिथे दर वर्षी गावाला खरा आकडा सांगणारी माणसं होती. ज्या गावात तशी माणसं नाहीत तिथे सुरुवात कुठून करायची, खेळाचा उपयोग तिथे.

आता ताटाकडे: लोहाची बाजरी कोण विकत घेईल?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अ‍ॅनिमिक (म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेल्या) निघाल्या, महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त. लोहाच्या गोळ्या आहेत, त्या घेतल्या जात नाहीत. मग एक विचार असा की रोज जे खातातच त्यातच लोह वाढवू.

हा किस्सा आपल्याच मातीतला आहे. इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून "धनशक्ती" नावाचं बाजरीचं वाण काढलं, किलोला ७० मिलिग्रॅमच्या आसपास लोह, २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी आणि २०१४ मध्ये देशभरासाठी आलं. त्याने शरीरात फरक पडतो का ते तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांत तपासलं. १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने दोन वेळा भाकरी, निम्म्यांना लोहाच्या बाजरीची, निम्म्यांना साध्या. ज्यांच्या अंगात सुरुवातीला लोहाची कमतरता होती त्यांच्यात लोहाची भाकरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघायची शक्यता १.६४ पट निघाली.

झकास. पण शाळेत ताटात वाढलेलं पोरं खातात, बाजारात मात्र कोणीतरी ती पिशवी उचलून पैसे द्यावे लागतात. आणि "जास्त पैसे द्याल का?" असं नुसतं विचारलं तर सर्व्हे करणाऱ्या मुलीचं मन राखायला सगळे हो म्हणतात. आपली सवयच आहे ती.

त्यावर एक युक्ती आहे. समजा मी तुम्हाला बाजरी दाखवली आणि म्हटलं तुमचा जास्तीत जास्त भाव सांगा. तुम्ही म्हणालात ३० रुपये. आता मी डब्यातून एक चिठ्ठी काढणार, तिच्यावर आधीच कुठला तरी भाव लिहिलेला आहे. चिठ्ठीत २४ निघाले तर तुम्हाला ती बाजरी २४ ला घ्यावीच लागेल, खरे पैसे मोजून. चिठ्ठीत ३५ निघाले तर मिळणार नाही. यात खोटं बोलून काही हाती लागत नाही. मोठेपणा करून ५० म्हणालात तर ४५ ची चिठ्ठी गळ्यात पडेल, चलाखी करून १५ म्हणालात तर २० ला मिळत असलेली हातची जाईल. तेव्हा मनात जो आकडा आहे तोच सांगणं फायद्याचं. हा लिलावच आहे, फक्त समोर दुसरा माणूस नाही, चिठ्ठी आहे.

हाच प्रकार महाराष्ट्रातल्या खेड्यांत लोहाच्या बाजरीवर केला गेला. काहीही माहिती न देता लोकांनी तिला साध्या बाजरीपेक्षा किंचित जास्त भाव लावला. लोहाची आणि तब्येतीची माहिती सांगितल्यावर तो फरक चांगलाच वाढला. म्हणजे "गरिबाला पोषणाचं काय कळतंय, त्याला स्वस्त हवं असतं" हे आपलं शहरी ज्ञान चुकीचं निघालं. आणि मजेचा भाग पुढे आहे, राज्याच्या पातळीवरच्या ब्रँडपेक्षा आणि प्रमाणपत्रापेक्षा लोकांनी आंतरराष्ट्रीय ब्रँडला आणि प्रमाणपत्राला जास्त पसंती दिली. धान्यातलं लोह डोळ्यांना दिसत नाही, भाकरी करून चाखली तरी कळत नाही, तेव्हा पिशवीवर कोणाचा शिक्का आहे यालाच पैसे मोजायचे.

जिथे फरक डोळ्यांना दिसतो तिथे काम सोपं असतं. युगांडा आणि मोझांबिकमध्ये व्हिटॅमिन ए असलेलं रताळं वाटलं, ते आतून केशरी असतं, पांढऱ्या रताळ्यात मिसळून कोणी फसवू शकत नाही. तिथे २००७ ते २००९ च्या प्रयोगात एका गटाला प्रशिक्षण लांबलचक दिलं आणि दुसऱ्याला थोडक्यात, आणि रताळं लावणं-खाणं दोन्हीकडे जवळपास सारखंच वाढलं. मग जास्तीचा प्रशिक्षणाचा खर्च कशाला, हे सरळ कळलं.

भारतात २०१८ पासून बाजरीचं नवीन वाण राष्ट्रीय चाचणीतून पुढे जायचं तर त्यात किलोला किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त लागतं असं ठरलंय. मला ही वाट जास्त आवडते, कारण सगळ्याच नवीन वाणांत लोह असलं की गिऱ्हाइकाला शिक्का ओळखायची गरजच उरत नाही.

धान्य स्वस्त केलं की लोक चांगलं खातील. एवढं तरी खरं ना?

इथे सगळ्यात मोठा धक्का आहे. चीनच्या हुनान आणि गान्सू प्रांतात रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी सुमारे १,३०० गरीब शहरी कुटुंबांना पाच महिने मुख्य धान्यावर सूट दिली, हुनानमध्ये तांदळावर, गान्सूत गव्हाच्या पदार्थांवर. हुनानमध्ये तांदूळ स्वस्त झाल्यावर लोकांनी तांदूळ कमी खाल्ला. कमी! कारण वाचलेल्या पैशात मांस-मासे परवडायला लागले आणि पोट भरायला भाताची तेवढी गरज उरली नाही. एकूण पोषण सुधारल्याचा पुरावा काही मिळाला नाही. पैसे चवीकडे गेले, आणि का जाऊ नयेत, वर्षानुवर्षं नुसता भात खाल्लेल्या माणसाने एकदा मासे आणले तर त्याला कोणी बोलू नये.

यावरून लगेच आपलं माणशी महिना पाच किलोचं रेशन बंद करा म्हणणारे निघतील, तर थांबा. ज्याचं पोटच भरत नाही त्याचं गणित वेगळं असतं, हुनानमध्येही अगदी तळातली कुटुंबं वेगळी वागली. निष्कर्ष एवढाच की धान्य स्वस्त करणं हे भुकेवरचं औषध आहे, अ‍ॅनिमियावरचं ते असेलच असं नाही.

मग थेट पैसे द्या? "दारूत घालवतील" हा आक्षेप तयारच असतो. मेक्सिकोत २००३ च्या सुमारास दक्षिणेकडच्या साधारण २०० गावांत काहींना धान्य-डाळ-दुधाची पावडर वगैरेचा बॉक्स आणि काहींना महिन्याला १५० पेसो असं चिठ्ठीने ठरवून दिलं. पैसेवाल्यांनी ते दारू-सिगारेटवर उधळलेले दिसले नाहीत, पोषणातही बॉक्सवाल्यांपेक्षा ते फार मागे पडले नाहीत. पण एक गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती: बॉक्स आलेल्या गावांत किराणा मालाचे भाव साधारण ४ टक्के उतरले, कारण बाहेरून माल आला, आणि जितकं गाव आडबाजूला तितका परिणाम जास्त. म्हणजे दुर्गम गावात बॉक्समुळे ज्यांना बॉक्स नाही त्यांचाही फायदा, आणि तिथे पिकवून विकणाऱ्याचा तोटा. गडचिरोलीच्या टोकाला रोख द्यायची की धान्य, हे ठरवताना पुण्यातला अनुभव कामाचा नाही.

माणसांवर प्रयोग? शेतकरी काय उंदीर आहे?

या आक्षेपाला मी हसण्यावारी नेत नाही. २०२० मध्ये नैरोबीतल्या एका अभ्यासावर जगभर टीका झाली, पाण्याची बिलं थकलेल्या जोडण्यांपैकी कोणाच्या तोडायच्या ते त्यात चिठ्ठीने ठरवलं होतं. बिल मालकाने थकवायचं आणि पाणी भाडेकरूचं जायचं. असलं काही करताना कोणीतरी "नको" म्हणायला हवं होतं.

पण बहुतेक वेळा प्रश्न असा असतो की पैसे सगळ्यांना पुरणार नाहीत, मग आधी कोणाला? मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा योजना आणली, पोरांना शाळेत आणि दवाखान्यात आणलं तर आईच्या हातात पैसे, शिवाय लहानग्यांना पोषक आहार. अभ्यासासाठी घेतलेल्या ५०६ गावांपैकी चिठ्ठीने ३२० ना आधी आणि १८६ ना नंतर असं ठरवलं, आणि त्या मधल्या काळात तुलना झाली. एरवी आधी कोणाला मिळालं असतं? आमदाराच्या गावाला. चिठ्ठी त्यापेक्षा वाईट आहे असं मला कोणी पटवून दिलेलं नाही. आणि प्रयोग न करता एकशे चाळीस कोटींवर एकदम योजना लावतात तोही प्रयोगच असतो, फक्त त्यात तुलनेचा गट नसतो आणि कोणाला विचारलेलंही नसतं.

एका ठिकाणी चाललं ते दुसरीकडे चालेल?

नाही चालणार, निदान गृहीत धरू नका. राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात गावच्या गिरणीवरच दळताना पिठात लोह मिसळायची सोय केली. कल्पना किती सुंदर, घरचंच धान्य, गावातलीच गिरणी. सुरुवातीला अ‍ॅनिमिया कमीही झाला. मग हळूहळू लोक आणि गिरणीवाले दोघंही कंटाळले, मिसळणं कमी झालं आणि परिणामही विरला. सहा महिन्यांत थांबून अहवाल लिहिला असता तर आज ती यशोगाथा असती. पुढे बिहारमध्ये ४०० गावं घेऊन त्यातल्या चिठ्ठीने निवडलेल्या २०० गावांत लोह-आयोडीनचं मीठ सवलतीत विकलं, अ‍ॅनिमियात म्हणावा असा फरक नाही. काही घरांना फुकट देऊनही बघितलं, तरी किशोरवयीन मुलं सोडली तर फारसं काही हाती लागलं नाही. हे त्यांनी छापलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण फसलेल्या योजनेचा अहवाल आपल्याकडे सहसा कपाटातच राहतो.

सगळं ठीक, पण ऑडिटवाले काय म्हणतील?

आगाऊ पैशाची योजना सरकारात नेली की पहिला प्रश्न हाच येणार, पैसे घेऊन जाळलं तर वसुली कोणाकडून? म्हणून एक हिशोब करून बघू, आकडे माझे, फक्त समजायला.

शंभर शेतकरी, प्रत्येकी एक एकर. काहीच केलं नाही तरी दहा जण जाळणार नाहीत, नव्वद जाळणार. पहिली योजना, न जाळल्यावर ८०० रुपये. पंजाबात दिसलं तसं कोणीच बदलत नाही, त्या दहा जणांना ८,००० रुपये मिळतात. ऑडिटमध्ये एकदम स्वच्छ, एकही रुपया चुकीच्या माणसाला गेलेला नाही, आणि एकही एकर वाचलेला नाही. दुसरी योजना, ४०० आधी आणि ४०० नंतर. शंभर जणांना ४०,००० आधीच गेले. आता वीस जण जाळत नाहीत, त्यांना उरलेले ८,०००. एकूण ४८,००० खर्च, आणि ऐंशी जण ४०० रुपये घेऊन जाळून मोकळे झाले, म्हणजे ३२,००० "बुडाले". पेपरात हेडिंग काय येणार ते तुम्हीच ठरवा. पण याच योजनेत दहा एकर जास्तीचे वाचले, एकरी ४,८०० रुपयांना.

४,८०० महाग आहेत की स्वस्त, हे एका एकराच्या धुराने किती दवाखान्याचा खर्च होतो त्यावर ठरेल, त्यावर जरूर भांडावं. पण ते दहा एकर जास्तीचे वाचले हे कळायला शेजारची, एक पैसाही न दिलेली गावं तितक्याच काळजीने मोजलेली असावी लागतात, आणि योजनेच्या जीआरमध्ये त्या मोजणीसाठी तरतूद ठेवलेली मी तरी अजून वाचलेली नाही.